वाहती नदी आणि सातबाराचे पाणी

धरणाला विरोध करणे दलिताला परवडेल काय? आमच्याकडच्या अभ्यासवर्गात हा प्रश्न मी मांडला की पहिले उत्तर ठरलेले असते. बाबासाहेबांनी धरणे मागितली, मग आपण विरोध करणारे कोण? दुसरे उत्तर जरा वेळाने येते, आणि ते मनाच्या अधिक जवळचे असते. नदीशी आपला संबंध काय? काठची काळी राने त्यांची, घाट त्यांचा, देऊळ त्यांचे. नदी मोकळी वाहिली काय आणि अडवली काय, आपल्याला दोन्ही सारखेच.

या दोन्ही उत्तरांची झडती घ्यावी आणि ती घेताना आपल्या साहित्याने नदी व धरण यांच्याकडे कसे पाहिले तेही तपासावे, एवढ्यासाठी हा लेख. मी करकंबचा. पंढरपूर तालुक्यातले हे गाव. वर टेंभुर्णीच्या बाजूला उजनीचे धरण, खाली पंढरपूर, आणि जवळून जाणारी भीमा. येथे राहणाऱ्याला हा विषय पुस्तकातून शिकावा लागत नाही. परंतु पुस्तकांनी तो जसा शिकवला, तशीच आपल्या कार्यकर्त्यांची समजूत घडत गेली आहे. म्हणून आधी पुस्तके.

प्रस्थापित मराठी गद्यात नदी ही माता आहे. काका कालेलकरांचे 'लोकमाता' घ्या. पुस्तक सुंदर आहे, भाषा प्रसन्न आहे, आणि नद्यांवर इतक्या प्रेमाने लिहिणारा दुसरा लेखक चटकन आठवत नाही. मी मात्र 'लोक' या शब्दापाशी अडखळतो. ही माता नेमकी कोणत्या लोकांची? गावोगाव नदीला पाणवठे होते आणि ते जातवार होते. धारेच्या वरच्या अंगाला सवर्णांचा, खालच्या अंगाला महारा-मांगांचा. वरच्यांनी धुतलेले, विसळलेले पाणी खालच्यांनी भरायचे. म्हणजे निसर्गाने दिलेल्या उताराचासुद्धा वर्णव्यवस्थेने उतरंडीसाठी वापर करून घेतला. ज्याला नदीचे पाणीच वरच्याने वापरून झाल्यावर मिळाले, त्याच्या तोंडी 'लोकमाता' हा शब्द सहज कसा यावा? (जाता जाता सांगायचे तर, याच कालेलकरांकडे पुढे पहिल्या मागासवर्ग आयोगाचे अध्यक्षपद आले. १९५५ साली अहवाल सादर करताना त्यांनी राष्ट्रपतींना पत्र लिहून मागासलेपणासाठी जातीचा आधार धरण्यालाच असहमती दर्शविली. आयोगाने घेतलेल्या मेहनतीवर अध्यक्षांनीच पाणी सोडले.)

यामुळेच दलित साहित्यात पाणी आले ते विहिरीचे, आडाचे, तळ्याचे. महाडचे चवदार तळे १९२७ साली आपल्या साहित्याचेच उगमस्थान झाले. तळे बंदिस्त असते, त्याला काठ असतो, काठावर पहारा असतो. हक्काची लढाई तेथे स्पष्ट दिसते. वाहत्या नदीपाशी मात्र आपली समीक्षा फारशी थांबली नाही. नदीचे वर्णन म्हणजे सौंदर्यवाद, आणि सौंदर्यवाद म्हणजे पोट भरलेल्यांचा उद्योग, असा एक शेरा मारून आपण पुढे गेलो. शेरा पुष्कळ अंशी बरोबर होता, पण त्यामुळे नदीचा राजकीय अर्थ तपासायचा राहून गेला.

याला ठळक अपवाद दया पवारांच्या 'धरण' या कवितेचा. चळवळीच्या सभांतून ती गायली गेली, अनेकांना तोंडपाठ आहे. धरणाच्या कामावर राबणारी आणि स्वतः तहानलेली राहणारी बाई तिच्या केंद्रस्थानी आहे. समीक्षेने ही कविता श्रमाची, शोषणाची कविता म्हणून वाचली. ते चुकीचे नाही, परंतु मला ते अपुरे वाटते. ही कविता पाणीवाटपाचीही कविता आहे. धरण बांधायला जमीन लागत नाही, हात लागतात. धरणाचे पाणी घ्यायला मात्र हात उपयोगाचे नाहीत, जमीन लागते. बांधणारी एक आणि भिजणारे रान दुसऱ्याचे, ही गोष्ट त्या बाईच्या नशिबाची नव्हे. पाटबंधारे खात्याच्या नियमाची आहे. एखादा अर्थशास्त्रज्ञ ज्यावर ग्रंथ लिहील ते या कवीने बाईच्या तोंडून सांगितले आणि आपण त्याला 'करुण' हे विशेषण लावून मोकळे झालो.

विश्वास पाटलांची 'झाडाझडती' (१९९१) ही धरणग्रस्तांवरची मराठीतली मोठी कादंबरी. तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लेखक स्वतः प्रशासनात होते, त्यामुळे पुनर्वसनाच्या नावाने चालणारी सरकारी कचेरीतील लूट त्यांनी आतून दाखवली आहे. तिचे हे मोल मी मान्य करतो. पण कादंबरीने असो की चळवळीने, 'गाव उठले' असे म्हटले की वाचकाच्या मनात एकसंध गाव उभे राहते आणि एकच दुःख उभे राहते. प्रत्यक्षात गाव उठते तेव्हा दोन गावे उठतात. गावकुसाच्या आतल्याला गेलेल्या जमिनीची मोजणी असते, खाते असते, त्याच्या दुःखाला कागद असतो. बाहेरच्याचे जे बुडते ते सातबारावर कधी चढलेलेच नसते. आपला समीक्षक धरणावरचे साहित्य वाचताना हा भेद विचारील काय? मला वाटते त्याने तो पहिल्याच पानावर विचारला पाहिजे.

आता बाबासाहेबांकडे वळू. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. दामोदर खोरे आणि महानदी यांच्या बहुउद्देशी योजनांची पायाभरणी त्यांच्या खात्याने केली. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथील परिषदेत त्यांनी ओरिसाच्या पुरांचा विचार मांडला. पाणी ही जनतेची संपत्ती आहे, जास्त झाले म्हणून ते समुद्राकडे ढकलून देण्याऐवजी साठवून कामाला लावले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. उपाशी प्रदेशाला वीज, सिंचन आणि उद्योग देणारा हा विचार होता. त्याला निसर्गद्रोह म्हणणाऱ्यांशी माझे जमणार नाही.

पण बाबासाहेब कटकला थांबले नाहीत. मार्च १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग करावा अशी मागणी केली. जमीन राज्याची, गावातील कुटुंबांनी ती जातिभेद न करता सामुदायिकरीत्या कसायची, जमीनदार नाही, कूळ नाही, भूमिहीन मजूर नाही. आणि या शेतीला अवजारे, बी-बियाणे, खत यांच्याबरोबर पाणी पुरवण्याचे बंधन त्यांनी राज्यावर टाकले होते. ही दोन टिपणे एकत्र वाचली पाहिजेत. बाबासाहेबांच्या धरणातले पाणी ज्या जमिनीवर जायचे होते त्या जमिनीला खासगी मालक नव्हता. राज्यकर्त्यांनी यातले धरण उचलले आणि जमिनीचा कागद बाजूला ठेवला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांनी तुरुंग भरले ते या बाजूला ठेवलेल्या कागदासाठी. तेव्हा 'बाबासाहेबांनी धरणे मागितली' हे वाक्य अर्धे आहे. आपल्या सभांत ते पूर्ण करून बोलावे, एवढीच माझी मागणी आहे.

नेहरूंनी भाक्रा-नांगलसारख्या कामांना नव्या युगाची मंदिरे म्हटले. पुढे १९५८ मध्ये त्यांनीच अवाढव्यपणाच्या हव्यासाला रोग म्हटले, ते वाक्य तितकेसे पाठ केले गेले नाही. पंढरपूर तालुक्यातल्या माणसाला मंदिराची उपमा ऐकून वेगळेच आठवते. चोखोबाची समाधी पायरीशी आहे. विठ्ठलाच्या गाभाऱ्याची वाट आम्हाला खुली व्हायला १९४७ साल उजाडले, त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. मंदिर म्हटले की आत कोण आणि पायरीशी कोण हे आम्ही आधी विचारतो.

उजनीच्या मंदिराची हकीकत अशी. १९६६ मध्ये काम सुरू झाले आणि १९८० मध्ये धरण पुरे झाले. एकूण साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट, त्यात निम्म्याहून अधिक मृतसाठा. करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांतली काठची गावे पाण्याखाली गेली. दुष्काळात पाणी उतरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते आणि वर्तमानपत्रांत त्याचे छायाचित्र छापून येते. थंडीत भिगवणकडे रोहित पक्षी पाहायला मोटारी येतात. बुडालेल्या महारवाड्याचे छायाचित्र कोण घेणार? तेथे कळस नव्हता.

खाली आमच्या भागात पाणी आले. दुष्काळी जिल्ह्यात ते यायलाच हवे होते. धोरण आठमाही पिकांचे होते, रानात मात्र बारमाही ऊस उभा राहिला. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने आज सोलापूर जिल्ह्यात आहेत. उसामुळे मजुरीचे दिवस वाढले हे मी नाकारत नाही. पण पाण्याचा हक्क वाढला काय? २००५ साली शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा झाला, पाणीवापर संस्था आल्या. सभासद कोण? लाभक्षेत्रात जमीन धारण करणारा किंवा ती कसणारा. भूमिहीनाला त्या सभेत बसायला सतरंजीचा कोपराही नाही. त्याच्या घागरीला पाणी मिळेल ते पिण्याच्या योजनेतून. उत्पादनाचे साधन म्हणून पाण्यावर त्याचे नाव कोठेही नाही. नदीचे पाणी उतार पाहून वाहत होते, कालव्याचे पाणी सातबारा पाहून वाहते.

आता दुसऱ्या उत्तराकडे येतो. नदीशी आपला संबंध काय? गावातली जुनी माणसे सांगतात त्यावरून मला तरी संबंध पुष्कळ दिसतो, फक्त तो आपण कधी लिहून काढला नाही. पाणवठा जातवार होता खरा, पण नदीचे पात्र कुणाच्या नावावर नव्हते. पावसाळा सरला की पात्र उघडे पडायचे. त्या वाळूत टरबुजे, खरबुजे, काकड्या लावायला जमीन नसलेल्यालाही जागा मिळे, कारण दरवर्षी पुराने ती पुसली जाई आणि पुसल्या गेलेल्या जमिनीवर वंशपरंपरेचा दावा सांगता येत नसे. मासे होते, लव्हाळा होता, वाळूत हातभर खणले की झिऱ्याचे निवळ पाणी होते. त्या झिऱ्याला वरचा-खालचा असा पाणवठा नव्हता. विहीर बाटते म्हणणाऱ्यांना वाळू बाटते असे म्हणता आले नाही! पंढरपूरचे वाळवंटही असेच. देवळात मज्जाव होता तेव्हा संतमेळा जमला तो या उघड्या पात्रात. चढती-उतरती नदी हे पात्र दर वर्षी नव्याने मोकळे करीत होती. मुक्त नदीने जाती मोडल्या असे मी म्हणणार नाही. पण जिथे मालकी टिकू शकत नव्हती असा एक पट्टा तिने गावाच्या कडेला ठेवला होता, आणि ज्यांच्याकडे काही नव्हते ते त्यावर जगत होते.

धरणाने हा पट्टा गिळला. आज नदीला पाणी येते ते सोडल्यावर. आषाढी-कार्तिकीला स्नानासाठी सोडतात, सोलापूर शहराला औज बंधाऱ्यातून पिण्याचे पाणी मिळावे म्हणून सोडतात. मध्ये मोटारी बसलेल्या असतात, त्याही काठच्या सातबारावाल्यांच्या. वाळू उपसली गेली. पुण्या-पिंपरीचे सांडपाणी उजनीत उतरते आणि तेच पाणी पुढे चंद्रभागेचे तीर्थ होते. पावसाळ्यात उजनी आणि नीरेवरचे वीर येथून एकदम विसर्ग वाढला की पंढरपुरात आधी हलवावी लागते ती व्यासनारायण झोपडपट्टी. पूर पूर्वीही होता, पण तो ढगाच्या मर्जीने येई. आता पाणी कधी आणि किती सोडायचे हे बैठकीत ठरते, आणि ज्याच्या झोपडीत ते शिरते तो त्या बैठकीला नसतो.

भीमेची ही कहाणी उजनीपासून सुरू होत नाही. १९२१ मध्ये मुळशीला सत्याग्रह झाला. टाटांच्या कंपनीने नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधायला घेतले होते, आणि सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे मावळ्यांबरोबर उभे राहिले. १९२४ पर्यंत लढा संपला. जगातल्या पहिल्या धरणविरोधी लढ्यांपैकी एक म्हणून त्याचा गौरव होतो, तो योग्यच आहे. राजेंद्र व्होरा यांच्या अभ्यासाने त्याची दुसरी बाजूही दाखवली. मावळ्यांच्या जमिनींत पुण्याच्या सावकारांचे हितसंबंध गुंतलेले होते, आणि लढ्याचा शेवट नुकसानभरपाईच्या हिशेबात कसा विरघळला हे त्यांनी मांडले आहे. पण एक प्रश्न मला या सर्व लेखनात सापडत नाही. मुळा ही भीमेची उपनदी. तिचे पाणी सह्याद्रीपलीकडे भिऱ्याच्या वीजघरात उतरवले गेले आणि ते पुढे कुंडलिकेतून समुद्राला मिळते. टाटांची घाटमाथ्यावरची सगळी धरणे धरली तर भीमा खोऱ्यातले वर्षाला चाळीस अब्ज घनफुटांच्या वर पाणी असे पश्चिमेला जाते. मग मुळशीचा लढा मुळशी पेट्यापुरता कसा? तो करकंबचाही होता, आमच्या आजोबा-पणजोबांना कुणी सांगितले नाही एवढेच. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. त्याच गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता, कारण धागा तोंडाने ओढावा लागे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. नदी वळवली, वीज झाली, कापड झाले, आणि या साऱ्या प्रवासात विटाळ कोठेही बुडाला नाही.

येथे गेल ऑम्वेट यांची आठवण काढली पाहिजे. अरुंधती रॉय यांनी १९९९ मध्ये नर्मदेवर लेख लिहिला तेव्हा गेलताईंनी त्यांना खुले पत्र लिहून जाब विचारला. सरसकट धरणविरोधाने दुष्काळी भागातल्या बहुजन शेतकऱ्याची तहान भागत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. कासेगावात राहून त्यांनी हे लिहिले, म्हणून त्याला वजन आहे. फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्येही सरकारने पलटणीतले शिपाई लावून ताली, बंधारे, तलाव बांधावेत अशी मागणी आहेच. मी या परंपरेचाच माणूस आहे. परंतु फुल्यांचे बंधारे पाणी जागोजाग रानात मुरवणारे होते. एका नदीचे सर्व पाणी एका भिंतीआड गोळा करून एका कचेरीच्या चावीखाली ठेवणे ही निराळी गोष्ट आहे. पुरंदर तालुक्यात नायगावच्या पाणी पंचायतीत विलासराव साळुंखे यांनी माणशी पाणी वाटले, भूमिहीनालाही वाटा ठेवला आणि ऊस बंद केला. येरळेवरच्या बळीराजा स्मृती धरणाने तेच तत्त्व पुढे नेले. म्हणजे साठवण आणि समता यांचे वैर नाही, हे महाराष्ट्रात सिद्ध झालेले आहे. असे प्रयोग बेटासारखे का राहिले, याचे उत्तर साखरेच्या राजकारणात शोधावे लागेल.

आणि जेथे नदी अजून वाहते आहे तेथे? गडचिरोलीच्या सीमेवरून जाणाऱ्या इंद्रावतीवर भोपालपटनम आणि खाली गोदावरीवर इचमपल्ली अशी दोन धरणे योजली होती. त्यांत माडिया-गोंडांची गावे आणि जंगल जाणार होते. १९८४ साली हेमलकशाहून 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे यांच्याबरोबर राजे लालश्याम शाह यांच्यासारखे आदिवासी नेते त्यात होते. दोन्ही धरणे झाली नाहीत. तेथे नदी वाचली ती सौंदर्यासाठी नव्हे. सातबाराशिवाय जगणाऱ्या माणसांचे सगळे जगणे त्या नदीवर आणि जंगलावर होते म्हणून. आपल्या वाळवंटातल्या टरबुजांच्या वाफ्याचे आणि माडियाच्या मासेमारीचे नाते मला येथे दिसते. नर्मदेकाठच्या मणिबेलीला हे यश आले नाही. तेथे ऑक्टोबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बांधकामाची वाट मोकळी झाली आणि २०१७ मध्ये धरणाचे लोकार्पण झाले. गोदावरीवरही लढा संपलेला नाही. सिरोंचाजवळ तेलंगणाचे मेडीगड्डा धरण २०१९ मध्ये उभे राहिले, सिरोंचाच्या शेतात पाणी शिरू लागले, आणि २०२३ मध्ये त्याचे खांबच खचले.

भीमा आता इंद्रावती होणार नाही. उजनी फोडा असे कुणी म्हणत नाही, मीही नाही. पण एक गोष्ट आमच्या डोळ्यांसमोर घडते आहे. सोलापूरसाठी नदीतून सोडलेल्या पाण्यापैकी जे वाळूत मुरते, बंधाऱ्यांत अडते, ते हिशेबात 'वहनव्यय' म्हणून लिहिले जाते. म्हणजे वाया गेलेले. हा व्यय थांबावा म्हणून उजनीपासून शहरापर्यंत समांतर जलवाहिनीची योजना हाती घेतली गेली. शहराला नळाने स्वच्छ पाणी मिळावे याला माझा विरोध असण्याचे कारण नाही. शहरातही आमचीच वस्ती तहानलेली आहे. मात्र वाया गेले म्हणून जे पाणी लिहिले ते काठच्या वस्त्यांच्या हातपंपांना उतरत होते, डोहात चार मासे जगवत होते. ते पाणी नळात गेल्यावर उन्हाळ्यात नदीत कुणाच्या नावाने पाणी सोडणार? शहराच्या नावाने नाही, उसाच्या नावाने कालव्यात जाईल, आणि नदीचे स्वतःचे खाते तर कधी उघडलेच नाही. पाण्याचे आवर्तन ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीत मंत्री, आमदार आणि अधिकारी बसतात. मार्च ते जून या चार महिन्यांत नदीसाठी म्हणून किती पाणी धरले आहे, एवढाच प्रश्न विचारणारा अर्ज आम्ही करकंबला तयार करतो आहोत. त्यावर सही करण्यासाठी सातबाऱ्याची अट नाही.